दुकानाचा साठा आणि मुक्त सॉफ्टवेअर

समजा, मेहकर तालुक्यातील जानेफळ येथे एका तरुणाने किराणा दुकान काढले आहे. गल्ल्यात रोज पैसे येतात. पण महिनाअखेर माल भरायला काही उरत नाही. फळ्या उपसल्यावर कळते, की मागच्या बाजूला मुदत संपलेली बिस्किटे पडून आहेत आणि गिऱ्हाईक मागते ते तेल मात्र संपले आहे. भांडवल असेच, नकळत बुडते. म्हणून साठ्याची नोंद हवी. वस्तू वाढल्या की ती संगणकावर ठेवणे सोयीचे पडते.

मुक्त म्हणजे काय?

ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, बदलता व वाटता येते, ते मुक्त सॉफ्टवेअर. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. परवान्याचे पैसे सहसा लागत नाहीत. पण संगणक, बसवून देणाऱ्याची मजुरी आणि शिकण्याचा वेळ आपलाच. लाभ असा, की बनवणारी कंपनी बंद पडली तरी दुसरा जाणकार ते चालू ठेवू शकतो.

दोन पर्याय

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ जीपीएल परवान्याखाली मिळते. त्यात खरेदी, विक्री, साठा आणि मालाची मुदत नोंदवता येते. मात्र ते सर्व्हरवर चालते. सांभाळायला माहीतगार लागतो. शे-दोनशे वस्तूंच्या दुकानाला ‘लिब्रेऑफिस कॅल्क’मधला साधा तक्ता पुरतो. तो इंटरनेटशिवायही चालतो.

निवडण्यापूर्वी विचारा

1. इंटरनेट गेले तर विक्री नोंदवता येईल का?
2. कोणता माल संपत आला, कोणाची मुदत जवळ आली, हे दिसते का?
3. आपल्या सर्व नोंदी बाहेर काढून दुसरीकडे नेता येतात का?
4. अडल्यास जवळपास मदत कोण करील?

कृती

पहिला महिना फक्त 20 वस्तू नोंदवा. वही बंद करू नका. दर आठवड्याला फळीवरचा माल मोजून ताळा घ्या. फरक निघाला, तर आधी स्वतःला विचारा: उधारीवर गेलेला, घरात वापरलेला माल लिहिला होता का? जे लिहिलेच नाही, ते कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

आपल्यापैकी कोणी अशा दुकानासाठी संगणक भेट देऊ इच्छीत असेल, तर त्याबरोबर महिनाभर शेजारी बसून नोंद शिकवणारा माणूसही द्यावा. खरी गरज त्याचीच असते.