मुलांची उंची : टॉनिकआधी झोप

मुलाच्या उंचीसाठी कोणते टॉनिक द्यावे, असे कर्जत-खालापूरचे पालक मला नेहमी विचारतात. वाढीचे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवते. त्याचा मोठा स्राव झोप लागल्यावर पहिल्या तासाभराच्या गाढ झोपेत होतो. म्हणून शेवटच्या लोकलने येणाऱ्या वडिलांसाठी मुलांना जागवू नये. शाळकरी मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. धावण्या-खेळण्यानेही स्राव वाढतो. मात्र पोट उपाशी असेल, तर संप्रेरक असूनही त्याच्या आज्ञेने यकृतात बनणारा वाढीचा घटक पुरेसा तयार होत नाही. यासाठी नाचणीची भाकरी, वालाची उसळ, अंडे, सुकट द्यावे. ५ वर्षांनंतर उंची वर्षाला ४ सेंटिमीटरही वाढत नसेल, तर मुलाला डॉक्टरांना जरूर दाखवावे.