आधी पारख, मग रंग

छत्रपती संभाजीनगर शहरातून पुण्याकडे जाणाऱ्या मार्गावर वाळूजचे औद्योगिक क्षेत्र आहे. १९८५ साली तेथे बजाज कंपनीचा मोठा कारखाना सुरू झाला. मराठवाड्याच्या गावोगावांहून कामगार आले, आणि त्यांच्या वस्तीतून बजाजनगर आकारास आले. यंत्रांशी ज्याचा काहीच संबंध नाही असे घर येथे विरळाच. कोणाच्या घरी लेथवर काम करणारा असतो, कोणाच्या घरी सुटे भाग जोडणारा, तर कोणाच्या घरी ते तपासणारा.

अशाच एका घरी एक आजोबा राहत. एका कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांनी तीस वर्षे नोकरी केली होती. तयार झालेला भाग हाती घ्यावा, मापावा, उजेडात निरखावा आणि मग त्याच्यावर ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ अशी खूण करावी, हे त्यांचे काम. नोकरी संपली, तरी डोळ्यांची ती सवय मात्र सुटली नाही.

एका उन्हाळ्यात पैठण तालुक्यातील त्यांच्या जुन्या घराची डागडुजी निघाली. तेव्हा माळ्यावरून एक सायकल खाली आली. मुंबईत तयार झालेली ती काळी ‘हिंद’ सायकल आजोबांच्या वडिलांची होती. ते शिक्षक होते. रोज चार मैल जाऊन शाळा उघडायची आणि चार मैल परत यायचे, असा त्यांचा अनेक वर्षांचा नेम होता. लहानपणी आजोबा त्या सायकलच्या दांडीवर बसून वडिलांबरोबर शाळेत जात.

सायकल टेम्पोतून बजाजनगरला आली. तिच्यावर धुळीचे थर होते, चाके गंजली होती, बैठकीचे कातडे वाळून कडक झाले होते. तरीही आठवीतल्या नातवाला ती फार आवडली.

“आजोबा, उद्याच काळा रंग आणू या,” तो म्हणाला. “शाळा उघडेल त्या दिवशी मी हिच्यावरूनच जाणार.”

आजोबा हसून म्हणाले, “रंग सर्वांत शेवटी. रंग हा दागिना असतो, तसेच पांघरूणही असतो. पांघरुणाखाली काय दडले आहे, ते आधी पाहू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पोते अंथरले गेले. नातवाने पाना घेतला आणि सहावीतल्या नातीने वही घेतली. काढलेल्या प्रत्येक भागाला तिने क्रमांक दिला व तो कोठून काढला हे टिपून ठेवले. चाकांच्या आसातले छर्रे मोजून वाटीत ठेवले. उजवे पायडल सहज निघाले, पण डावे काही केल्या हलेना. नातवाला घाम फुटला.

“उलट फिरव,” आजोबा म्हणाले. “डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. तसे नसते, तर चालवता चालवताच ते सैल होऊन गळून पडले असते. यंत्रात प्रत्येक गोष्टीला काही कारण असते. ते कळल्यावाचून जोर करू नये.”

डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंध्यांनी भाग पुसता पुसता आजोबा सायकलची हकीकत सांगू लागले. पूर्वीच्या सायकलींचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच असे, आणि तिच्यावरून पडणे म्हणजे हातपाय मोडणेच. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ नावाची सायकल बनवली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती व मागचे चाक साखळीने फिरे. अशा सायकलींना लोक ‘सुरक्षित सायकल’ म्हणू लागले. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले, आणि बसणाऱ्याचे हादरे कमी झाले. त्याच वर्षी, १८८८ साली, आपल्याकडे बेळगावात किर्लोस्करांच्या सायकलच्या व्यवसायाची सुरुवात झाली. सायकली विकता विकता व दुरुस्त करता करता लक्ष्मणराव किर्लोस्करांचा हात यंत्रांवर बसला. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. एका मोठ्या उद्योगाचा आरंभ असा सायकलच्या दुकानातून झाला.

सर्व भाग स्वच्छ झाल्यावर आजोबांनी तीन टोपल्या मांडल्या. पहिली योग्य भागांची, दुसरी टाकून देण्याच्या भागांची आणि तिसरी शंकेच्या भागांची.

“एक नियम लक्षात ठेवा,” ते म्हणाले. “ज्याच्याविषयी शंका आहे, त्याला योग्य म्हणायचे नाही.”

टायरांचा निर्णय लगेच झाला. ते दाबताच त्यांच्या बाजूंवर वाळलेल्या तळ्यातील चिखलासारख्या भेगा पडल्या. ब्रेकचे रबर नखाने दाबून पाहिले, तर ते दगडासारखे टणक झाले होते. कठीण झालेले रबर रिमला नीट धरत नाही, म्हणून तेही दुसऱ्या टोपलीत गेले. छर्रे नव्या पाण्याचे दिसत होते, परंतु भिंगाखाली त्यांतल्या काहींवर देवीच्या वणांसारखे खड्डे आढळले. छर्रे स्वस्त असतात. एक बिघडला तर सगळेच बदलावेत, असे ठरले.

मग साखळीची पाळी आली. आजोबांनी ती ताणून धरायला सांगितली व पट्टी लावली. नव्या साखळीच्या बरोबर २४ कड्या १२ इंचांत बसतात. प्रत्येक खीळ झिजत जाते आणि साखळी लांबत जाते. ही साखळी मोजली, तर २४ कड्यांना सव्वाबारा इंच भरले. एवढी लांबलेली साखळी दातांवरून निसटू शकते, आणि चढावर पाय देता देता ती निसटली, तर बसणाऱ्याचा तोल जातो. साखळी बाद झाली. तिने झिजवलेले मागचे दातेरी चक्रही तिच्यापाठोपाठ गेले.

चाकांच्या तारा नातीने एकेक करून बोटाने छेडल्या. बहुतेक तारांचा नाद सारखा होता, परंतु तीन तारा बद्द वाजल्या. त्या सैल होत्या. त्या वहीत नोंदल्या गेल्या.

सांगाडा सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी फक्त एक दोरा लागला. मागचे चाक जेथे बसते, तेथे एका बाजूला दोरा बांधला, तो पुढच्या हँडलच्या नळीभोवती वळवून दुसऱ्या बाजूला आणला व ताणला. बैठकीखालच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर पट्टीने मोजले. ते सारखेच भरले. हँडलजवळच्या दोन नळ्यांच्या खालच्या अंगावरूनही आजोबांनी बोट फिरवले. समोरून जोराची धडक बसलेली असली, तर तेथे नळीला फुगवटा येतो व रंगाला सुरकुत्या पडतात. येथे तसे काही नव्हते. सांगाडा योग्य ठरला आणि नातवाचा चेहरा खुलला.

उरला तो पुढचा चिमटा. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा व वर हँडलच्या नळीत जाणारा हा भाग. सायकलीचा मागचा एखादा भाग तुटला, तर माणूस पाय टेकून उभा राहू शकतो. चिमटा तुटला, तर सावरायला क्षणही मिळत नाही. म्हणून आजोबांनी त्याची परीक्षा सर्वांत कडक ठेवली होती.

वरून चिमटा धडधाकट दिसत होता. आजोबांनी पातळ तेल घेऊन तो सांध्याजवळ चांगला भिजवला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी तो कोरड्या फडक्याने लखलखीत पुसला आणि नातीला खडूची बारीक पूड त्याच्यावर थापायला सांगितली.

“याने काय होते, आजोबा?” तिने विचारले.

“धातूला भेग असेल, तर तेल तिच्यात शिरून बसते. वरून कितीही पुसले, तरी आतले राहतेच. मग ते हळूहळू बाहेर येते, आणि खडू ते शोषून घेतो. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांतही असेच तपासत.”

तिघेही चिमट्याकडे पाहत बसले. पांढऱ्या पुडीवर काही दिसेना. नातू उठून म्हणाला, “पाहा, काही नाही. चिमटा योग्य!” इतक्यात नात हलकेच म्हणाली, “आजोबा, ही रेघ आधी नव्हती.” सांध्याच्या कडेला केसासारखी बारीक, काळसर, ओली रेघ उमटली होती. लांबीने ती बोटाच्या पेराएवढीही नव्हती.

आजोबांनी भिंग लावले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ज्या चिमट्याने त्यांना लहानपणी रोज शाळेत पोचवले, तोच चिमटा त्यांच्या हातात होता. अखेरीस त्यांनी खडूनेच त्याच्यावर लिहिले : ‘अयोग्य’.

“पण आजोबा, एवढी तर बारीक भेग आहे!” नातू कळवळून म्हणाला. “आणि पणजोबा इतकी वर्षे याच्यावरून गेलेच ना? नाहीतर वेल्डिंग करून घेऊ. वरून रंग दिला की दिसणारही नाही.”

आजोबांनी तारेचा एक तुकडा त्याच्या हाती दिला. “ही वाकव.” त्याने वाकवली. “मोडली का?” “नाही.” “त्याच जागी पुनःपुन्हा वाकव.” काही वेळाने तार तट्कन तुटली.

“शेवटच्या वेळी तू अधिक जोर लावलास का? नाही. तार आधीच्या प्रत्येक वाकण्याने थकत आली होती. चिमटा असा डोळ्यांना दिसेल इतका वाकत नाही, परंतु रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याला थोडा ताण देतो. लाखो हादऱ्यांनी कोठेतरी सूक्ष्म भेग पडते आणि मग ती वाढत जाते. पणजोबांना त्याने पोचवले हे खरे. पण त्या पोचवण्यानेच तो थकला आहे. काल तुटला नाही, म्हणून उद्या तुटणार नाही, असे म्हणता येत नाही. आणि वेल्डिंगच्या आचेने भेगेच्या शेजारची नळी कमजोर होते. ज्या भागावर जीव टांगलेला असतो, त्याला ठिगळ लावू नये.”

धातूच्या या श्रांतीचे ज्ञान जगाला फार महाग पडले आहे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्साय येथून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस वाटेत तुटला. त्या अपघातात पन्नासाहून अधिक माणसे दगावली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने आगगाड्यांच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. एका वेळी सहज पेलणारा भार वारंवार पडला, तर धातू त्यानेही तुटतो, हे त्याने दाखवून दिले. शर्यतीच्या जुन्या सायकलींची हँडले पुष्कळदा अॅल्युमिनियमची असतात. त्यांच्याबाबतीत तर अधिकच जपावे लागते. पोलाद पुष्कळदा वाकून सूचना देते. अॅल्युमिनियमचे जुने हँडल मात्र वरून चकचकीत दिसत असतानाच अवचित तुटण्याचा संभव असतो.

नातू खाली मान घालून बसला. थोड्या वेळाने त्याने विचारले, “मग हा चिमटा भंगारात द्यायचा?”

“छे!” आजोबा म्हणाले. “पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारले आहे. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली, घडी होणारी सायकलही त्यांच्या संग्रहात आहे. जुनी वस्तू जपावी, तिचा मान ठेवावा. पण पाहण्याची सायकल वेगळी आणि बसण्याची वेगळी. हा चिमटा आपण भिंतीवर ठेवू, रस्त्यावर नेणार नाही.”

शाळा उघडली त्या दिवशी नातू पायीच गेला. नवा चिमटा मिळायला दिवस लागले. त्याची लांबी व आटे जुन्याशी तंतोतंत जुळावे लागतात, म्हणून आजोबांनी शहरातील दोन दुकानांतून रिकाम्या हाताने परत येणे पत्करले. तिसऱ्या दुकानात हवा तसा चिमटा मिळाला. मग वहीतील नोंदी उलट क्रमाने वाचत सायकल जोडली गेली. तारा ताणल्या, छर्रे ग्रीसमध्ये बसवले, नवे टायर, नवी साखळी व ब्रेकचे नवे रबर लावले. सांगाड्याचा जुना रंग व त्याच्यावरची पुसट सोनेरी रेघ तशीच ठेवायची, असे दोघा भावंडांनी ठरवले. नातवाने आणलेला काळा रंग फक्त नव्या चिमट्याला लागला.

आषाढी एकादशीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात मोठी यात्रा भरते. त्या दिवशी पहाटे, रस्त्यावर गर्दी होण्यापूर्वी, आजोबा नातवाला घेऊन निघाले. नातू सायकलवर बसणार तोच थांबला. त्याने पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल हलवून पाहिले, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलली, टायर अंगठ्याने दाबले. मग त्याने आजोबांकडे पाहिले.

“काय म्हणतोस?” आजोबांनी विचारले.

“योग्य,” नातू म्हणाला, आणि त्याने पायडलवर पाय ठेवला.

घरी भिंतीवर जुना चिमटा टांगलेला आहे. त्याच्याखाली नातीच्या अक्षरात चिठ्ठी आहे : ‘याने पुष्कळ वर्षे सेवा केली. आता विश्रांती.’

अभ्यास

१. आजोबांनी सायकलला आधी रंग का लावू दिला नाही?
२. तीन टोपल्या कशासाठी मांडल्या? शंकेच्या भागांबाबत आजोबांचा नियम कोणता?
३. तेल आणि खडू यांच्या साहाय्याने भेग कशी सापडते, ते क्रमाने लिहा.
४. ‘त्या पोचवण्यानेच तो थकला आहे’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
५. ‘पाहण्याची सायकल वेगळी आणि बसण्याची वेगळी’ असे आजोबा का म्हणाले?
६. आपल्या घरातील किंवा शेजारची एखादी सायकल वडीलधाऱ्या माणसांच्या मदतीने तपासा. टायर, ब्रेक, साखळी व तारा यांविषयी काय आढळले, ते वहीत लिहा.