एलबीबीबी असताना ट्रेडमिल का नको?

प्रश्न : ईसीजीत एलबीबीबी निघाला. ब्लॉकेज पाहायला ट्रेडमिल टेस्ट करावी का? – एक वाचक, पवनी (जि. भंडारा)

उत्तर : त्यातून फारसं हाती लागणार नाही. ट्रेडमिलवर ईसीजीतली एसटी रेषा १ मिलिमीटर खाली उतरली की ब्लॉकेजचा संशय घेतात. एलबीबीबीत (लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक) हृदयाच्या डाव्या कप्प्याला विद्युतसंदेश उशिरा पोचतो, त्यामुळे ही रेषा बसल्याजागीच वाकडी असते. मग उतार कशाचा, हे कसं ठरवणार? दम किती टिकतो ते कळेल, हे खरं. पण तुम्ही विचारताय रक्तवाहिन्यांचं. त्याला ॲडेनोसिन देऊन केलेला थॅलियम स्कॅन (दमा असेल तर आधी सांगा) किंवा सीटी अँजिओग्राफी बरी. स्कॅनसाठीही पळवलं तर हृदयाच्या मधल्या पडद्यात खोटा दोष दिसू शकतो. आरबीबीबीत (उजव्या बाजूच्या तशाच ब्लॉकमध्ये) मात्र ईसीजीतल्या व्ही५, व्ही६ या लीड्स वाचता येतात, तिथे ट्रेडमिल चालते. नागपूरला तपासणीला जाताना जुना ईसीजी सोबत न्या. छातीत दुखत असेल, तर टेस्टच्या तारखेची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.