राउटर मोबाइलचा हॉटस्पॉट का पकडत नाही?

प्रश्न : पावसाळ्यात आमचं केबलचं इंटरनेट वरचेवर बंद पडतं. मोबाइलला मात्र रेंज असते. डेस्कटॉपला वाय-फाय नाही, तो राउटरला वायरने जोडला आहे. दोन अँटेना असूनही राउटर हॉटस्पॉट पकडत नाही. तो बिघडला असेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : राउटर बिघडलेला नाही, निश्चिंत राहा. साध्या राउटरला इंटरनेट वॅन पोर्टच्या वायरीतूनच मिळतं. अँटेना ते फक्त घरभर पोचवतात. सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूआयएसपी’ किंवा ‘क्लायंट’ असा मोड आहे का पाहा. असल्यास तो निवडून यादीतल्या हॉटस्पॉटला पासवर्ड द्या. यादीत नावच दिसत नसेल, तर हॉटस्पॉट बहुधा ५ गिगाहर्ट्झवर असेल आणि जुने राउटर २.४च ओळखतात. मोबाइलमध्ये २.४ निवडा, आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ चालू करा.

मोड बदलण्याआधी जुन्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा. रिसेटचं बटण मात्र दाबू नका, केबलवाल्याने भरून दिलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जाईल आणि लाइन सुरू झाली तरी नेट येणार नाही.

खरं तर एकाच डेस्कटॉपसाठी राउटर मध्ये आणायची गरजच नाही. अँड्रॉइड मोबाइल डेटा केबलने थेट संगणकाला जोडा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. तुमच्यासाठी मला हाच मार्ग बरा वाटतो. मोबाइल चार्जही होत राहतो. केबल नुसती चार्जिंगची असेल तर संगणकाला मोबाइल दिसणार नाही. विंडोजमध्ये हे कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवा, नाहीतर अपडेटच दिवसाचा डेटा संपवतील.