बाटलीआधी कड बघ

चि. अनघा,


नव्या क्लिनिकसाठी कोणता बॉण्ड घ्यावा, कोणत्या बॉण्डने दाताच्या रंगाचं फिलिंग सगळ्यात पक्कं सील होतं, असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे, पण सील हा बाटलीचा गुण आहे असं त्यात गृहीत धरलेलं दिसतं. माझं मत वेगळं आहे. कोणताही बॉण्ड फिलिंगची कड कायमची बंद करत नाही. ती किती बंद होईल आणि किती वर्षं टिकेल हे तीन गोष्टींवर ठरतं: कड एनॅमलवर आहे की डेंटिनवर, बॉण्ड लावताना ती जागा लाळेपासून आणि रक्तापासून वाचली का, आणि पुढे त्या तोंडात काय चालतं. बाटलीचा विचार त्यानंतरचा.

पहिली गोष्ट सगळ्यात जुनी. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड एनॅमलवर लावून दाखवलं की त्यानंतर ॲक्रिलिक दाताला कितीतरी घट्ट धरून बसतं. आज आपण साधारण ३७ टक्क्यांचं जेल वापरतो, तत्त्व तेच. एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. ॲसिडने त्यात सूक्ष्म खाचा पडतात, रेझिन त्यांत उतरून घट्ट होतं आणि ती पकड वर्षानुवर्षं टिकते. डेंटिनचं तसं नाही. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, बाकी कोलॅजेन आणि पाणी. शिवाय पल्पकडून नलिकांमधून सतत ओलावा येत राहतो. ओल येणाऱ्या भिंतीला रंग देण्यासारखंच हे काम. नाकाबायाशी यांनी १९८२ साली डेंटिन आणि रेझिनच्या सरमिसळीचा जो थर दाखवला, तो हायब्रिड लेयर, हाच तिथला सगळा आधार. ॲसिडने कोलॅजेन जितकं खोल उघडं पाडलं तितक्या खोलवर रेझिन पोचलं पाहिजे. डेंटिन फार सुकवलं तर कोलॅजेनची जाळी बसते आणि रेझिनला वाट राहत नाही. फार ओलं ठेवलं तर रेझिन पातळ होऊन अर्धवट घट्ट होतं. उघड्या राहिलेल्या कोलॅजेनला मग पाणी आणि डेंटिनमधलेच एन्झाइम्स हळूहळू कुरतडतात. सानो आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं की कडेला फट दिसत नसतानाही चांदीचे कण या थरात शिरतात. म्हणून पहिल्या दिवशीच्या मजबुतीचे आकडे पाहून डेंटिनवरच्या बॉण्डची पुढची खात्री धरू नकोस.

त्यात कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, घट्ट होताना आकसतं, आकारमानाने साधारण दोन ते तीन टक्के. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावरच्या साध्या खड्ड्यात ते पाच बाजूंनी चिकटलेलं आणि एकाच बाजूने मोकळं असतं, त्यामुळे आकसण्याचा ताण भिंतींवर येतो आणि सगळ्यात कच्ची भिंत आधी सुटते. दोन दातांमधल्या पोकळीत ही कच्ची जागा बहुधा हिरडीकडचा तळ असते. तिथे एनॅमल पातळ किंवा नाहीच, क्युरिंग लाइटचं टोक तिथून सगळ्यात लांब, आणि हिरडीतून येणारं रक्त सगळ्यात जवळ. वेज नीट बसली नसेल तर मॅट्रिक्स बँडखालून एक थेंब येतो आणि बॉण्डच्या थरावर पसरतो. वरून फिलिंग मात्र सुरेख दिसतं. पेशंट एक-दोन वर्षांनी अन्न अडकण्याची तक्रार घेऊन येतो ती बहुधा याच जागेची. म्हणून तुझा वेळ या तळावर खर्च कर: दोन मिलिमीटरहून जाड थर भरू नकोस आणि खोल जागी लाइट जास्त वेळ धर.

तू म्हणशील, युनिव्हर्सल बॉण्ड आल्यावर हे सगळं जुनं झालं. त्यात तथ्य आहे. त्या बॉण्डमधला एमडीपी हा घटक दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करतो आणि तो बंध पाण्यात सहज सुटत नाही. त्याच घटकाच्या दोन टप्प्यांच्या एका सेल्फ-एच बॉण्डवर बेल्जियममध्ये तेरा वर्षांचा अभ्यास झाला. हिरडीजवळच्या, कीड नसलेल्या झिजलेल्या जागी, जिथे धरून ठेवायला भिंतीही नसतात, तिथे त्या फिलिंगांपैकी बहुतेक जागेवर टिकली. पण त्याच अभ्यासात एनॅमल ॲसिडने वेगळं एच केलेल्या गटाच्या कडा अधिक चांगल्या राहिल्या. सौम्य ॲसिडचा असा बॉण्ड डेंटिनला मानवतो, एनॅमलला पुरत नाही. म्हणून एनॅमलच्या कडेवर जेल लाव, धू, आणि वाळवल्यावर ती खडूसारखी पांढरी, निस्तेज दिसल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. बॉण्ड सांगितलेला वेळ घासून लाव. हवेने पसरवताना त्यावरच्या लहरी थांबेपर्यंत, म्हणजे त्यातला अल्कोहोल किंवा ॲसिटोन उडेपर्यंत, थांब. मगच लाइट दे. झाकण उघडं राहिलेल्या बाटलीतून हाच द्राव आधीच उडून गेलेला असतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं मशेरीने घासलेल्या, चकाकणाऱ्या कठीण डेंटिनवर आणखी सावध राहा. तिथे वरचा थर बरने हलका खरवडल्याशिवाय बॉण्डकडून फारशी अपेक्षा ठेवू नकोस.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा. काढलेल्या दातांवर, पाच आणि पंचावन्न अंशांच्या पाण्यात आलटून पालटून बुडवून, रंग झिरपवून केलेल्या प्रयोगांत जवळपास प्रत्येक बॉण्ड थोडाफार गळतो. मग बॉण्डची निवड आणि हे कष्ट कशाला? हे प्रयोग रुग्णाच्या तोंडातल्या निकालाशी फारसे जुळत नाहीत हे खरं आहे. रंगाचे कण जंतूंपेक्षा फार लहान, आणि बारीक फट म्हणजे लगेच कीड असं नसतं. म्हणून अशा आकड्यांवर बाटली विकत घेऊ नकोस आणि कडेला नुसता डाग दिसला म्हणून फिलिंग काढू नकोस. पॉलिश कर, गरज पडली तर तेवढीच जागा दुरुस्त कर. पण त्यावरून सील बिनमहत्त्वाचा ठरत नाही. ओपडाम आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र केले, त्यात मागच्या दातांची कॉम्पोझिट फिलिंगं वर्षाला १.८ ते २.४ टक्के दराने निकामी होताना दिसली, आणि कीड लागण्याचा धोका जास्त असलेल्यांत हा दर आणखी वर गेला. म्हणजे फ्लोराइडची पेस्ट, साखरेचं प्रमाण आणि दातांमधली सफाई यांवर बोलणं हाही सील टिकवण्याचाच भाग.

तिसरा आक्षेप चांदीच्या, म्हणजे अमाल्गमच्या, फिलिंगवाल्यांचा. अमाल्गम गंजताना तयार होणारी संयुगं फट आपोआप बुजवतात, त्याची कड काळानुसार सुधारते, हे मान्य करायला हवं. कॉम्पोझिटची कड मात्र पहिल्या दिवशीच सगळ्यात चांगली असते. तरीही पाऱ्यावरच्या २०१३च्या मिनामाता करारानंतर, जो भारताने २०१८ साली मंजूर केला, अमाल्गमचा वापर कमी करण्याकडेच जगाची वाटचाल आहे, आणि तुझं रोजचं काम कॉम्पोझिटच राहणार. त्यासाठी दात कोरडा ठेवणारा रबर डॅम लावायला वेळ जातो, फी त्या मानाने मिळत नाही, ही अडचणही खरी. डॅममुळे फिलिंग जास्त टिकतं याचा पुरावा अजून फार भक्कम नाही. पण एच केलेल्या कडेवर लाळ आली की पकड ढासळते याबद्दल शंका नाही. डॅम लावता येत नसेल तर कापूस आणि सक्शन सांभाळ, लाळ लागली तर धुऊन पुन्हा एच कर. हिरडीखालची कड कोरडी राहतच नसेल तर तिथे ग्लास आयोनोमर भर आणि त्यावर कॉम्पोझिट चढव; ओलावा ग्लास आयोनोमरला जास्त सोसतो.

बॉण्ड म्हणशील तर एमडीपी असलेला एखादा नावाजलेला घे. एकच घे, बाटलीसोबतचा कागद असिस्टंटसह नीट वाच आणि वर्षभर तोच वापर. पेशंटला 'हे कायमचं' असं सांगू नकोस. 'दर वर्षी दाखवायला या' हे सांग, आणि ते आले की आधी हिरडीकडची कड तपास.

तुझी,
आत्या