रुमानियन सैनिकांचीं जुनीं छायाचित्रें

जुन्या रुमानियन सैनिकाचें छायाचित्र हातीं आल्यास पाठीमागील शाईवर एकदम विश्वास ठेवूं नये. कित्येक घरीं भलत्याच पुरुषास आजोबा मानलें गेलें असेल! प्रथम छाती पाहावी. तेथें ‘मिहाइ वित्याझुल’ हा क्रूस असून मागें 1915 लिहिलें असेल, तर तो सन चुकीचा होय. कारण फर्डिनंड राजानें हें पदक 1916 सालीं स्थापिलें. रंगावर मात्र विसंबूं नये. त्या काळच्या बहुतेक कांचांवर निळा रंग फिका व तांबडा काळा उमटे. म्हणून हा निळ्या मिन्याचा क्रूस फिकट दिसला तरी गोंधळूं नये, आकार पाहावा. युद्धस्मारक क्रूसाच्या फितीवर धातूची पट्टी असल्यास ती भिंगानें वाचावी. ‘मराशेश्ती’ हीं अक्षरें लागलीं, तर तो शिपाई 1917 च्या त्या घनघोर लढाईंतला. आणि छायाचित्र 1918 च्या आधींचें नव्हे, कारण तो क्रूसच त्या सालचा.