सिव्हिल घ्या, पण आधी सळई मोजायला शिका

दहावीचा निकाल लागला की जालन्यात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "कॉम्प्युटरला नंबर लागतोय का बघा." दुसरं, "सिव्हिलमध्ये आता काय राहिलंय?" गंमत अशी, की हे दुसरं वाक्य बोलणाऱ्या वडिलांनी बऱ्याचदा त्याच उन्हाळ्यात घराच्या वरच्या मजल्याचं काम काढलेलं असतं, आणि ठेकेदारानं सांगितलं त्यापेक्षा लोखंड जास्त का लागलं म्हणून ते वैतागलेले असतात. सिव्हिलमध्ये काय राहिलंय, याचं उत्तर त्या वैतागातच आहे.

इमारत जमिनीवर उभी राहण्याआधी ती संगणकावर संपूर्ण बांधून पाहायची, कॉलम-बीमपासून नळाच्या पाइपापर्यंत, या पद्धतीला बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग म्हणतात. या धंद्यात सगळे तिला बीआयएम म्हणूनच ओळखतात. मोठ्या कामांवर ती कधीच रुळली आहे. पण पालकांना ती 'आणखी एक कॉम्प्युटर कोर्स' वाटते आणि क्लासवाले ती तशीच विकतात, तिथं गडबड होते. सॉफ्टवेअरची बटणं येणारी मुलं पुण्यात पायलीला पन्नास मिळतात. सळई, रिंग, कव्हर, लॅप समजून मग सॉफ्टवेअरवर बसणारी मुलं शोधावी लागतात. आणि जालन्यासारख्या लोखंडाच्या गावात वाढलेल्या मुलाला या दुसऱ्या गटात जाणं सगळ्यात सोपं आहे.

आधी फरक समजून घेऊ. ऑटोकॅड १९८२ साली आलं आणि ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर हळूहळू माळ्यावर गेले. पण ऑटोकॅडमध्ये कॉलम म्हणजे शेवटी चार रेषाच. त्या रेषांना आपण कॉलम आहोत हे माहीत नसतं. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कॉलम हा कॉलमच असतो. तो कुठल्या मजल्यावर आहे, काँक्रीट कुठल्या ग्रेडचं, आत किती बार, म्हणजे सळया, त्यांच्यावर काँक्रीटचं कव्हर किती, हे सगळं त्याच्यासोबत राहतं. प्लॅनमध्ये त्याची जागा हलवली की सेक्शनमध्ये, एलिव्हेशनमध्ये आणि मालाच्या यादीतही ती हलते. पूर्वी हे बदल माणूस हातानं करायचा आणि चारपैकी एका कागदावर करायचा राहून जायचा. साइटवरची निम्मी भांडणं त्या राहून गेलेल्या कागदाची असतात.

आता लोखंडाचं बघू, कारण ते आपल्या घरचं आहे. औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून बार निघतो तो १२ मीटर लांबीचा. त्याचं वजन काढायचं सूत्र कुठल्याही बारबेंडरला तोंडपाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. म्हणजे १६ एमएमच्या बारचं मीटरला १.५८ किलो. समजा एका इमारतीच्या मजल्याची उंची ३.२ मीटर आहे. लॅप, म्हणजे एक बार दुसऱ्याला जोडताना एकमेकांवर चढवायची लांबी, व्यासाच्या ५० पट धरला तर १६ एमएमला ०.८ मीटर. कॉलमच्या बारचा तुकडा झाला ४ मीटरचा. एका बारात बरोब्बर तीन तुकडे, वाया काही नाही. आता मालक म्हणतो, हॉल जरा उंच हवा, ३.६ करा. तुकडा झाला ४.४ मीटरचा. एका बारात दोनच बसतात आणि ३.२ मीटरचा दांडा उरतो, वजन पाच किलो. मजल्यावर वीस कॉलम, प्रत्येकात आठ बार, म्हणजे १६० तुकडे. त्यासाठी ८० बार कापले आणि ८० दांडे उरले: चारशे किलोच्या वर लोखंड. मजला तेवढाच, वाढली ती फक्त ४० सेंटिमीटर उंची. उरलेले दांडे बीममध्ये एक्स्ट्रा बार म्हणून वापरता येतात, पण ते कुठं बसतील हे आधी कुणी बसवून पाहिलं असेल तर. नाहीतर ते साइटच्या कोपऱ्यात गंजतात आणि भंगाराच्या भावानं विकले जातात. आपल्याकडच्या कित्येक भट्ट्या भंगारावरच चालतात, तेव्हा जालन्याचं लोखंड फिरून जालन्यात येतं. तेवढाच आनंद, भुर्दंड घरमालकाला.

बीआयएमच्या मॉडेलमधून कुठला बार, किती लांब, कुठं वाकवलेला, किती नग, ही सगळी यादी, म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल, थेट निघते. उंची बदलली की यादी बदलते. मालकानं "३.६ करा" म्हणताक्षणी त्याला खर्च दाखवता येतो. पण यादी निघाली म्हणजे काम झालं असं नाही. दोन तुकडे बसतात का तीन, लॅप कुठल्या पातळीवर घ्यायचा, बीम-कॉलमच्या जोडात एवढे बार खरंच मावतील का आणि त्यातून काँक्रीट खाली उतरेल का, हे मॉडेल बनवणाऱ्याला कळलं पाहिजे. ज्यानं जोडात बार बांधताना फिटरची दमछाक पाहिलेली नाही, तो स्क्रीनवर सुंदर मॉडेल करतो आणि साइटवर शिव्या खातो.

दुसरं मोठं काम म्हणजे टकरी शोधणं. दवाखान्याच्या इमारतीत बीम एकानं काढलेले असतात, एसीचा डक्ट दुसऱ्यानं, ड्रेनेजचा पाइप तिसऱ्यानं. कागदावर तिघेही बरोबर असतात. स्लॅब टाकून झाल्यावर लक्षात येतं की डक्टच्या वाटेत बीम उभा आहे, आणि मग कोअर कटिंगचं मशीन येतं. तिघांची मॉडेलं एकत्र करून नॅव्हिसवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये तपासली की ती टक्कर लाल रंगात दिसते, काँक्रीटचा पहिला ट्रक येण्याच्या आधी.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर ११ डिसेंबर २०२२ हा दिवस आठवा. त्या दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. जालन्याला ते उद्घाटन चांगलं लक्षात आहे. त्याच दिवशी नागपुरात मेट्रोचा पहिला टप्पाही पूर्ण होऊन सुरू झाला. आपल्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या उद्घाटनाकडे जास्त लक्ष द्यायला हवं होतं. मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रो कंपनीनं नागपूरचं काम फाइव्ह-डी बीआयएमवर चालवलं: लांबी-रुंदी-उंचीच्या मॉडेलला वेळ आणि पैसा जोडलेला. कुठला गर्डर कधी बसणार आणि त्याचं बिल किती, हे मॉडेलशीच बांधलेलं. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो, आणि उड्डाणपूल व मेट्रो दोन्ही खांबांच्या एकाच रांगेवर तोललेले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पुण्याच्या मेट्रोचे पहिले दोन मार्गही याच महामेट्रोनं बांधले.

बाहेरच्या देशांत हे सक्तीनं आलं. ब्रिटन सरकारनं एप्रिल २०१६ पासून केंद्रीय खर्चातून होणाऱ्या कामांना बीआयएम बंधनकारक केलं. सिंगापूरनं त्याच्याही आधी, २०१३ पासून मोठ्या इमारतींचे आराखडे बीआयएममध्येच मागायला सुरुवात केली. २०१८ साली आयएसओ १९६५० हे आंतरराष्ट्रीय मानकही आलं. त्या देशांतल्या इमारतींची मॉडेलं करण्याचं पुष्कळ काम भारतात येतं. पुण्या-मुंबईत त्यासाठी कचेऱ्या आहेत. तिथं अमेरिकेचं काम असेल तर मापं फूट-इंचात, आणि नियम त्यांच्या कोडचे. इंग्रजी बोलायला फर्डं नसलं तरी चालतं, पण शंका स्पष्ट शब्दांत लिहून विचारता आली पाहिजे. मराठवाड्यातल्या मुलांची अडचण ड्रॉइंगमध्ये कमी, या ईमेलमध्ये जास्त होते.

जालन्यात काय? खरं सांगायचं तर इथल्या बंगल्यांच्या आणि छोट्या सरकारी कामांच्या फाइलीत अजून ऑटोकॅडचाच नकाशा असतो, आणि काही वर्षं तरी असेल. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग, ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेला १७४ किलोमीटरचा जालना-जळगाव रेल्वेमार्ग, जालन्याचा ड्रायपोर्ट, अशी मोठी कामं या जिल्ह्याच्या नावावर आहेत. पण त्यांच्या भरवशावर "घरी राहून बीआयएमची नोकरी" असं स्वप्न मुलाला दाखवू नका. पहिली चार-पाच वर्षं पुणे, मुंबई, हैदराबाद इथं काढावी लागतील, हे घरात आधीच बोलून घ्या.

शिक्षणाच्या वाटा सरळ आहेत. दहावीनंतर तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा. जालना आणि अंबड इथं शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बारावी सायन्सनंतर एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा. मार्क कमी असतील तर आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेड घ्या. त्यालाही पुढं डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं दार उघडं असतं. या ट्रेडला लोक नाक मुरडतात ते मला पटत नाही. मॉडेलवर बसणाऱ्याला ड्रॉइंग वाचता येणं हे अर्धं भांडवल आहे. मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या व्यावसायिक पदवी प्रवेशाचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. "पोरगी उन्हातान्हात साइटवर उभी राहील का?" हा प्रश्न दर वर्षी येतो. उभी राहते, आणि राहायलाच हवी. पण बीआयएममध्ये बहुतेक काम कचेरीत असतं, हे त्या आईलाही कळायला हवं.

आता क्लासचं. 'शंभर टक्के प्लेसमेंट' असा बोर्ड दिसला की दोन प्रश्न विचारा. शिकवणाऱ्यानं स्वतः किती वर्षं साइट किंवा प्रोजेक्ट केला? आणि कोर्सच्या शेवटी मुलाच्या हातात स्वतः बनवलेलं एक पूर्ण मॉडेल, त्याच्या टकरींचा रिपोर्ट आणि बार बेंडिंग शेड्यूल असेल का? दोन्हींचं उत्तर गोलगोल आलं तर हप्त्यावर फी भरण्याच्या फंदात पडू नका. ऑटोकॅड आणि रेव्हिट बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअरं शिक्षणासाठी मोफत देते, कॉलेजचा पुरावा दिला की झालं, आणि दर वर्षी नूतनीकरण करता येतं. लॅपटॉप मात्र विचार करून घ्या: रेव्हिट विंडोजवरच चालतं, १६ जीबी रॅम हवी. भारतीय मानकं, म्हणजे काँक्रीटचं आयएस ४५६ आणि सळई वाकवण्याचं आयएस २५०२, भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट उतरवता येतात. महागड्या नोट्सची गरज नाही.

"एआय आलं, मग हेही जाईल का?" काही जाईल. तेच-तेच मॉडेल भरण्याचं काम झपाट्यानं कमी होईल, आणि फक्त तेवढंच येणाऱ्याचे दिवस कठीण आहेत. पण तीन ठेकेदारांना समोर बसवून पाइप कुणी हलवायचा हे ठरवणं, आणि त्या निर्णयावर सही करणं, याला माणूस लागतो. मॉडेलर म्हणून सुरुवात करून हे जुळवून आणणारा कोऑर्डिनेटर व्हायचं, हे ध्येय ठेवा.

मुलांनो, पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत गल्लीत स्लॅब टाकायच्या आधीचं एखादं काम शोधा. मालकाला विचारून आत जा, टेप घ्या, एका बीमचे बार मोजा, रिंगांमधलं अंतर मोजा, कव्हर ब्लॉक आहेत का बघा. घरी येऊन तोच बीम रेव्हिटमध्ये काढा आणि वजन काढून बारबेंडरच्या आकड्याशी ताडून पाहा. फरक आला तर त्यालाच विचारा. तो सांगेल, आणि बऱ्याचदा त्याचं बरोबर निघेल. अशी दहा-बारा बीमची फाइल मुलाखतीत टेबलावर ठेवली की सर्टिफिकेटबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

पालकांनी पहिल्या नोकरीच्या वेळी एवढंच पाहावं: पगार सुरुवातीला कमी असला तर असू द्या, पण बाँडच्या नावाखाली मूळ मार्कशीट जमा करून घेणाऱ्या ठिकाणी मुलाला पाठवू नका. झेरॉक्स द्या, मूळ कागद घरीच ठेवा.